छोट्या गाड्यांना हवेत नवे हात

ब्रिटनमध्ये मॉडेल रेल्वेचा छंद शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. गाड्या विकत घेणारे आजही आहेत, प्रदर्शनांना गर्दी करणारेही आहेत. कमी होत चालले आहेत ते प्रदर्शन उभे करणारे आणि क्लबच्या खोलीची किल्ली सांभाळणारे. गेल्या काही वर्षांतील घडामोडींतून समोर आलेले हे चित्र केवळ रेल्वेवेड्यांपुरते मर्यादित नाही.

मे २०१९ मधील एक शनिवार. इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील स्टॅमफर्ड या गावी एका शाळेत मॉडेल रेल्वेचे प्रदर्शन भरणार होते. मार्केट डीपिंग मॉडेल रेल्वे क्लबच्या सभासदांनी आदल्या दिवशी सर्व मांडामांड पूर्ण केली होती. मात्र रात्री काही अल्पवयीन मुले सभागृहात शिरली. सकाळी सभासद पोहोचले, तेव्हा वर्षानुवर्षे खपून तयार केलेले देखावे मोडून पडले होते. इंजिने, डबे आणि स्थानकाच्या इमारती पायदळी तुडवल्या गेल्या होत्या.

क्लबने मदतीसाठी आवाहन केले, तेव्हा अपेक्षा होती अवघ्या ५०० पौंडांची. प्रत्यक्षात काही दिवसांतच १ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमा झाली. स्वतः या छंदात आकंठ बुडालेले गायक रॉड स्टुअर्ट यांनी १० हजार पौंड दिले. ज्यांनी आयुष्यात कधी मॉडेल इंजिनाला हात लावला नसेल, अशा असंख्य लोकांनीही खिशात हात घातला. या छंदाविषयी ब्रिटिश समाजाच्या मनात केवढी आपुलकी आहे, हे त्यानिमित्ताने दिसून आले.

त्यानंतर साडेचार वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, बर्मिंगहॅम येथील नॅशनल एक्झिबिशन सेंटरमध्ये वॉर्ली मॉडेल रेल्वे क्लबचे राष्ट्रीय प्रदर्शन भरले. देशातील सर्वांत मोठ्या प्रदर्शनांत त्याची गणना होत असे. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत हजारो लोक तेथे येऊन गेले. पुढे २०२४ च्या प्रारंभी क्लबने जाहीर केले, की ते प्रदर्शन शेवटचे होते. यात प्रेक्षकांचा दोष नव्हता. एवढा मोठा पसारा विनामोबदला पेलणारे कार्यकर्ते वयोवृद्ध झाले होते आणि त्यांची जागा घेण्यास पुरेसे तरुण पुढे आले नव्हते. स्टॅमफर्डला पैसा जमला; बर्मिंगहॅमला हात जमले नाहीत. या छंदापुढील आजच्या प्रश्नाचे स्वरूप या दोन घटनांमधील अंतरात सामावलेले आहे.

आठवडा घरी, सुटी सभागृहात

बाहेरून पाहणाऱ्याला हा छंद म्हणजे मोठ्या माणसांनी लहान मुलांच्या गाड्यांशी खेळणे वाटते. प्रत्यक्षात त्यातील गाडी चालवण्याचा भाग अगदी थोडा असतो. हा छंदिष्ट आठवडाभर रात्रीच्या जेवणानंतर माळ्यावरच्या किंवा गॅरेजमधील आपल्या टेबलाशी बसतो. एका वाघिणीला गंजाचा रंग देण्यात एक संध्याकाळ जाते, तर सिग्नलच्या तारा जोडण्यात दुसरी. नवे कोरे इंजिन मुद्दाम काजळी व धुळीच्या रंगाने मळवणे, हीदेखील एक स्वतंत्र कला मानली जाते. रुळांखालची खडी पसरून ती पातळ डिंकासारख्या द्रावणाने पक्की करावी लागते. गवताचे बारीक कृत्रिम तंतू विजेच्या स्थिर भाराने उभे करून चिकटवले जातात. या कामात सुतारकाम, रंगकाम, विद्युतशास्त्र आणि इतिहास यांची सांगड असते. अमुक वर्षी अमुक मार्गावर कोणत्या रंगाचे डबे धावत होते, यावरून रंगणारे वाद तासन्‌तास चालतात.

आठवड्यातून एखादी संध्याकाळ क्लबची असते. लंडनचा ‘द मॉडेल रेल्वे क्लब’ १९१० मध्ये स्थापन झाला. तो जगातील सर्वांत जुना मॉडेल रेल्वे क्लब समजला जातो. लहानमोठ्या गावांतील इतर क्लब चर्चच्या सभागृहात, जुन्या गोदामात किंवा भाड्याच्या खोलीत भरतात. एकट्याच्या घरात न मावणारा मोठा देखावा तेथे अनेकांच्या श्रमांतून उभा राहतो. एकाला लाकूडकाम येते, दुसऱ्याला डाग देता येतो, तिसऱ्याला झाडे करण्याची हातोटी असते. चहाची किटली तापत असते आणि निवृत्त अभियंता एखाद्या शाळकरी मुलाला सांधा का अडकतो, हे समजावून देत असतो.

शनिवार-रविवारी हा देखावा तुकड्या-तुकड्यांनी गाडीत भरून दुसऱ्या गावच्या प्रदर्शनात नेला जातो. आदल्या संध्याकाळी जोडणी, दोन दिवस पाळीपाळीने गाड्या चालवणे आणि रविवारी सायंकाळी पुन्हा बांधाबांध. देखावा आणणाऱ्यांना बहुधा प्रवासखर्च आणि मुक्कामाची सोय एवढेच मिळते. सभागृहाचे भाडे, विमा, खानपान, वाहनतळ आणि तिकीट खिडकी हे सारे यजमान क्लबचे स्वयंसेवक सांभाळतात. गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्याला हे चित्र अपरिचित वाटणार नाही. देखावा पाहायला रांग लागते. मांडव उतरवताना तेच चारजण उरतात.

वाफेच्या पिढीचा प्रश्न

कार्यकर्ते एकाएकी का आटले, याचे उत्तर इतिहासात आहे. फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९२० मध्ये चावीवर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या, तर १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही लहान आकाराची मालिका आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या वापरामुळे गाड्या स्वस्त झाल्या आणि मध्यमवर्गीय घरांत पोहोचल्या. ‘रेल्वे मॉडेलर’ हे मासिकही १९४९ मध्ये सुरू झाले. त्या काळातील मुलांच्या डोळ्यांसमोर खरीखुरी वाफेची इंजिने धावत होती. फलाटावर उभे राहून त्यांचे क्रमांक वहीत टिपणे हा तेव्हा घराघरांतील मुलांचा उद्योग होता. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील नियमित वाफेची सेवा ऑगस्ट १९६८ मध्ये संपली.

या पिढीने बालपणीचे ते जग पुढे निवृत्तीच्या काळात पुन्हा उभे केले. म्हणूनच आजही बहुसंख्य देखावे १९५० आणि १९६० च्या दशकांतील असतात. मात्र १९५८ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्या नातवासाठी वाफेचे इंजिन ही आठवण नव्हे, तर संग्रहालयातील वस्तू आहे. ज्या स्मृतीच्या आधाराने क्लब भरले, ती स्मृतीच आता विरळ होत आहे.

बाजाराने केलेले बदल

उद्योगालाही या बदलाची झळ बसली आहे. जर्मनीतील मार्कलिन ही १८५९ पासूनची कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि नंतर नव्या मालकांच्या हाती सावरली. हॉर्नबीने १९९० च्या दशकात उत्पादन चीनमध्ये हलवले. गाड्यांची बारकाई त्यामुळे कमालीची सुधारली; तथापि, पुढे चीनमधील खर्च वाढला तसे दरही चढले. आज एका नव्या मोठ्या इंजिनासाठी दोनशे पौंड किंवा त्याहून अधिक रक्कम मोजावी लागणे नवलाचे राहिलेले नाही. २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या लोकांमुळे विक्री वाढली, पण ती भरती कायमची ठरली नाही. लिव्हरपूलमध्ये १९४६ मध्ये सुरू झालेल्या ‘हॅटन्स’ या नामांकित विक्रेत्याने जानेवारी २०२४ मध्ये व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले.

घरे लहान झाली, हेही एक कारण आहे. ब्रिटनमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेले ‘ओओ’ प्रमाण साधारण ७६ पट लहान असते. त्यात मुख्य मार्गावरील गाडी दिमाखात धावायची, तर मोठी खोली लागते. हॉर्नबीने २०२२ मध्ये १२० पट लहान प्रमाणातील नवी मालिका आणली, ती प्रामुख्याने कमी जागा असलेल्या नव्या ग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवून. आता इंजिनात बसवलेल्या चिपमुळे एकाच रुळावरील दोन गाड्या स्वतंत्रपणे चालवता येतात, मोबाइलवरून आज्ञा देता येते आणि त्रिमितीय छपाईने हवा तो सुटा भाग घरीच तयार करता येतो. छंदात प्रवेश करणे यापूर्वी इतके सोपे कधीच नव्हते. परंतु हा प्रवेश एकट्याचा असतो. गाडी कुरिअरने घरपोच येते, क्लब मात्र घरपोच येत नाही.

क्लब म्हणजे कार्यशाळा

क्लब गेल्याने नेमके काय गमावले जाते, हे समजण्यासाठी अमेरिकेतील एक उदाहरण बोलके आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत १९४६ मध्ये विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब स्थापन झाला. देखाव्याच्या टेबलाखालची गुंतागुंतीची वायरिंग करताना विद्यार्थ्यांनी दूरध्वनी केंद्रातील रिले वापरून नियंत्रण यंत्रणा उभारली. यापैकीच काहीजण १९५० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेतील संगणकांकडे वळले. ‘हॅक’ हा शब्द संगणकाच्या जगात रूढ होण्यात या क्लबचा मोठा वाटा मानला जातो. ही मुले खेळण्यासाठी जमली होती. हाताला आणि डोक्याला वळण लागले ते एकत्र काम करण्यातून. असे वळण दुकानात विकत मिळत नाही.

याची दुसरी बाजू हॅम्बुर्गमध्ये दिसते. गेरिट आणि फ्रेडरिक ब्राउन या जुळ्या भावांनी जुन्या गोदामात उभारलेले ‘मिनिएचर वंडरलँड’ ऑगस्ट २००१ मध्ये खुले झाले. आज तेथे वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक भेट देतात. दिवसाची रात्र होते, दिवे लागतात, अग्निशमन दलाच्या छोट्या गाड्या धावतात आणि २०११ पासून तेथील विमानतळावर विमाने उतरतात. हे सारे पगारी कर्मचारी आणि तिकिटाच्या उत्पन्नावर चालते. छोट्या रेल्वेचे आकर्षण संपलेले नाही, याचा यापेक्षा ठळक पुरावा नाही. तथापि, तेथे येणारा बहुतांश प्रेक्षकच असतो. पाहून परतणाऱ्या लाखोंमधून हाताने करणारे शंभर कसे निघतील, याचे उत्तर व्यवसायाने द्यावे, ही अपेक्षा गैर ठरेल.

पुण्यातील धडा

महाराष्ट्राला हा विषय अगदीच परका नाही. पुण्यातील कोथरूड येथे भाऊ जोशी यांनी छंदापोटी उभारलेले जोशी यांचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. त्यातील छोटे शहर, सिग्नल, पूल आणि नियंत्रण पटलावरून धावणाऱ्या गाड्या पाहण्यासाठी शाळांच्या सहली येतात. क्लबांची मोठी परंपरा नसलेल्या देशात एका कुटुंबाने हा छंद सार्वजनिक केला, ही लहान गोष्ट नव्हे.

भारतीय छंदिष्टाची वाट अधिक खडतर आहे. आपल्याकडील ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, तर युरोपातील प्रमाणित रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर. जगभर विकल्या जाणाऱ्या ८७ पट लहान प्रमाणातील रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर असते. त्याच प्रमाणात भारतीय रूळ करायचे, तर ती सुमारे १९ मिलिमीटर हवी. त्यामुळे डेक्कन क्वीनची हुबेहूब प्रतिकृती करू पाहणाऱ्याला एक तर अरुंद रुळांशी तडजोड करावी लागते किंवा रुळापासून चाकापर्यंत सारे स्वतः घडवावे लागते. अशा वेळी जाणकारांचा सहवास चैनीची नव्हे, तर गरजेची बाब ठरते.

दिवाळीत मातीचे किल्ले करण्याची आपली प्रथा टिकून आहे, ती बाजारात तयार किल्ले मिळतात म्हणून नव्हे. कोणीतरी मोठे माणूस दरवर्षी मुलांबरोबर चिखलात हात घालते, म्हणून. ब्रिटनमधील क्लबांनाही नेमकी हीच गोष्ट करावी लागणार आहे. तरुणांना केवळ प्रेक्षक किंवा उद्याचे कार्यकर्ते न समजता त्यांच्या आवडीच्या आजच्या विजेच्या गाड्या, त्यांच्या चिप आणि त्यांचे संगणकीय आराखडे यांना क्लबच्या टेबलावर जागा द्यावी लागेल. ज्येष्ठांना १९५८ सालचे आपले स्थानक थोडे सरकवून घ्यावे लागेल. अनेकांना ते जड जाईल, हे उघड आहे.

स्टॅमफर्डच्या घटनेनंतर लोकांनी पाठवलेल्या पैशातून नवे रूळ, नवी इंजिने घेता येतात. मात्र त्यांची मांडणी शिकवणारा आणि शिकणारा या दोघांनी एका संध्याकाळी एका खोलीत येणे, हे कोणत्याही निधीतून साध्य होणारे नाही. बर्मिंगहॅमचे बंद झालेले प्रदर्शन हाच इशारा देऊन गेले आहे.