फडताळ : फारुखचा फ्रेडी

दिवाळीच्या चकल्या तळून झाल्यावर आम्ही तिघांनी 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा पाहिला. २०१८ चा, क्वीनच्या फ्रेडी मर्क्युरीवरचा सिनेमा. रामी मालेकला त्यासाठी ऑस्कर मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं. तो चालतो, चिडतो, माणसं तोडतो, आणि आपल्याला त्याची कीवही येते.

माझी तक्रार गोष्टीबद्दल आहे. १९८५ च्या लाइव्ह एडआधी फ्रेडी आपला आजार सोबत्यांना सांगतो, असं दाखवलंय. प्रत्यक्षात त्याचं निदान झालं ते त्यानंतर, १९८७ च्या सुमारास. तेव्हा बँडही फुटलेला नव्हता. "अगं, सिनेमा आहे," हे म्हणाले. असेल. पण एका माणसाचं मरण शेवट रंगवायला अलीकडे ओढायचं?

आणि पाचगणी कुठेय? गोष्ट सुरू होते ती हीथ्रोवर बॅगा उचलणाऱ्या तरुणापासून. झांजीबारच्या पारशी घरातला फारुख बलसारा आठव्या वर्षी आईबापांना सोडून पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये आला. पियानो, 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड, सगळं तिथलं. लग्नाआधी मी पाचगणीच्याच एका वसतिशाळेत शिकवायचे. रविवारी पत्रं लिहायच्या तासाला लहान मुलं 'मी मजेत आहे' एवढंच लिहून कागदाकडे बघत बसायची. त्या हट्टी, एकट्या फ्रेडीचं मूळ मला तरी तिथे दिसतं.

सिनेमात मुलगा आडनाव बदलतो तेव्हा बापाचा चेहरा उतरतो. तिथे आमच्या ज्ञानेशने विचारलं, "फ्रेडी नाव गोऱ्यांनी ठेवलं का?" नाही रे बाबा, ते शाळेतच पडलं, आपल्या पाचगणीत. सांगताना मी चपापले. एका थाई मुलाचं नाव जिभेवर बसेना, म्हणून मीच त्याचा 'टोनी' केला होता. वर्षभर तो निमूटपणे 'येस मिस' म्हणत राहिला.

इथे ज्ञानेशचं स्पेलिंग डी-एन-वाय पाहून सगळे अडखळतात. सप्टेंबरपासून शाळेत तो 'डॅन' आहे.

"कोणी ठेवलं हे?" मी विचारलं.

"मीच सांगितलं त्यांना. रोज रोज कोण समजावणार?"

परवा त्याने नवा डबा नाव घालायला माझ्यासमोर ठेवला. तो अजून कोराच आहे.