‘पर्यंत’ एकच, इंग्रजीत मात्र ‘बाय’ की ‘टिल’?

सोमवारपर्यंत रजेवर असलेला कर्मचारी साहेबांना ईमेल पाठवतो : ‘आय ॲम ऑन लीव्ह बाय मंडे.’ रजा सोमवारपर्यंत आहे की सोमवारच्या आत सुरू होणार आहे, हे साहेबांना कळत नाही. चूक दोन अक्षरी शब्दाची, पण गोंधळ रजेच्या हिशेबाचा.

अशा चुकांना ‘इंग्रजी कच्चे’ असे लेबल लावून विषय संपवला जातो. खरे कारण वेगळे आहे. मराठीत ‘पर्यंत’ हा एकच शब्द दोन कामे करतो. ‘दुकान आठपर्यंत उघडे असते’ आणि ‘अर्ज आठपर्यंत द्या’ ही दोन्ही वाक्ये बिनचूक आहेत. इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘टिल’ लागतो, दुसऱ्याला ‘बाय’.

क्रियापद बघा

फरक ओळखण्याची खूण मराठीतच आहे. क्रिया त्या वेळेपर्यंत सलग चालू राहणार असेल (थांबणे, उघडे असणे, रजेवर असणे), तर ‘टिल’. क्रिया त्या वेळेच्या आत एकदाच होऊन संपणार असेल (देणे, पोहोचणे, भरणे), तर ‘बाय’. म्हणून ‘रिपोर्ट शुक्रवारपर्यंत देतो’ याचे इंग्रजी ‘बाय फ्रायडे’ असेच होते.

‘टिल मंडे’ लिहिले तरी सोमवार धरून की सोडून, ही शंका उरतेच. त्यामुळे कामावर कधी येणार, ती तारीख वेगळी लिहिलेली बरी.

‘गेली’ लावून पाहा

‘पासून’चेही तसेच. ‘तीन वर्षांपासून’चे शब्दशः ‘सिन्स थ्री इयर्स’ होते आणि मुलाखतीत ते हमखास खटकते. अशा वेळी ‘गेली’ किंवा ‘गेले’ लावून पाहावे. ‘गेली तीन वर्षे’ म्हणता येते, म्हणजे तो कालावधी आहे, तिथे ‘फॉर’. ‘गेली २०१९’ म्हणता येत नाही, म्हणजे तो सुरुवातीचा क्षण आहे, तिथे ‘सिन्स’.

काही ठिकाणी तर मराठी थेट मदतीला येते. ‘वेळेवर’ म्हणजे ‘ऑन टाइम’, ठरल्या वेळी. ‘वेळेत’ म्हणजे ‘इन टाइम’, उशीर होण्याआधी.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही प्रीपोझिशन म्हटले की ‘इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर’ अशी यादी पाठ करून घेण्याची सवय सुटलेली नाही. मग यादीत बसत नाही ते वाक्य आले की मुले अंदाज बांधतात आणि पुढे नोकरीतही तेच करतात.

मराठी बाजूला ठेवा, तरच इंग्रजी सुधारेल, हा सल्ला इथे उपयोगाचा नाही. आपल्या ‘पर्यंत’ आणि ‘पासून’मध्ये कोणते दोन अर्थ दडले आहेत, हे मुलाला आधी मराठीत उलगडून दाखवले, तर इंग्रजीतला शब्द निवडताना त्याला अंदाज बांधावा लागणार नाही.