आनंदीबाईंसाठी रडणे पुरे झाले!

आपल्या समाजाला एक जुनी खोड आहे. जिवंत माणसाने विचार मांडला की तो आपल्याला बोचतो. तेच माणूस अकाली गेले की आपले डोळे भरून येतात. ‘फार गुणाची होती हो, पण आयुष्य नव्हते!’ असा सुस्कारा टाकला की आपण मोकळे होतो. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या बाबतीत पुण्याने आणि अवघ्या महाराष्ट्राने शंभराहून अधिक वर्षे हेच चालविले आहे. ऐन दिवाळीत हे कडू बोलणे कशाला, असे कोणी विचारील. पण नरकचतुर्दशीला कारीट फोडून त्याचा कडूपणा जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, ही चाल आपल्या आजीपणजीचीच आहे. तेव्हा हे कारीट वाचकांनी गोड मानून घ्यावे.

आनंदीबाईंची हकिगत शाळेतली पोरेसुद्धा सांगतील. 1865 मध्ये जन्म, नवव्या वर्षी वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या बिजवराशी लग्न, चौदाव्या वर्षी मूल आणि ते दहा दिवसांत गेले. 1883 मध्ये एकटीने अमेरिकेचा प्रवास, 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रीविभागावर नेमणूक. आणि त्या जागेवर रुजू होण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पुण्यात क्षयाने मृत्यू. वय पुरते बावीसही नव्हते. इतके सांगून झाले की सांगणारा रुमाल काढतो आणि ऐकणारा पदर. पण ही बाई म्हणत काय होती, असे विचारा; बहुतेक घरांत उत्तर मिळणार नाही!

ती पुष्कळ काही म्हणत होती. 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात तिने जाहीर भाषण केले, तेव्हा तिला अठरावे वर्षही पुरे झालेले नव्हते. लोक तिला जे प्रश्न विचारीत, तेच एकेक करून तिने सभेपुढे मांडले आणि प्रत्येकाला उत्तर दिले. अमेरिकेलाच का? तर इथे सुइणीपुरते शिक्षण मिळते, पुरे वैद्यक मिळत नाही, आणि शिकणाऱ्या बाईला रस्त्याने जातायेता लोक हसतात, खडे मारतात. परत आल्यावर वाळीत टाकले तर? त्यावर तिचे म्हणणे असे, की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार. टाकायचे असेल तर आजच का टाकीत नाही? यात रडण्यासारखे काय आहे? हा वकिली थाटाचा, ठणठणीत युक्तिवाद आहे. आपल्या घरातल्या सतरा वर्षांच्या मुलीने तो आपल्यासमोर केला, तर आपण ‘फार शहाणी झालीस’ म्हणून तिला गप्प बसवू, की नाही?

दुसरी गोष्ट तिच्या पत्रांतली. तिचे पती गोपाळराव थोर सुधारक की विक्षिप्त छळवादी, यावर आपल्याकडे दोन तट पडलेले आहेत. अमेरिकेतून गोपाळरावांनाच लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्यांच्या बालपणीच्या माराचा हिशेब मांडला आहे: लाकडाचे तडाखे, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या. आणि पुढे हे वागणे चांगले की वाईट याचा निवाडा करताना त्या सांगतात, की दोन्हीही. शिक्षणाचे ऋण नाकारायचे नाही आणि माराला प्रेम म्हणायचे नाही, हा तोल त्या ऐन विशीत सांभाळत होत्या. आपण सव्वाशे वर्षांनंतरही एक तर आरती ओवाळतो, नाही तर दगड उचलतो. श्री. ज. जोशी यांची 1968 ची ‘आनंदी गोपाळ’ घराघरांत गेली आणि 2019 मध्ये त्याच नावाचा चित्रपटही आला. लोकांनी दोन्हींवर प्रेम केले. पण ते जोडनाव आपल्या इतके तोंडी बसले आहे, की नुसती आनंदी आठवतच नाही.

‘मेलेल्या मुलीसाठी रडलो तर बिघडले काय?’ असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. पुण्यात आनंदीबाई गेल्या आणि बरोबर सहा दिवसांनी, 4 मार्च 1887 रोजी, मुंबईच्या हायकोर्टाने रखमाबाईंना हुकूम केला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात! रखमाबाई आनंदीबाईंहून काही महिन्यांनीच मोठ्या. बालपणी संमतीवाचून झालेले लग्न आपण मानीत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुण्याच्या ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने त्यांच्यावर कोरडे ओढले. एक विचारी मुलगी गेली म्हणून शहर हळहळत होते. दुसरी विचारी मुलगी जिवंत होती, म्हणून तिच्यावर लेखण्या परजल्या जात होत्या! पुढे 1888 मध्ये तडजोड होऊन रखमाबाई सुटल्या, लंडनला जाऊन 1894 मध्ये डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला आयुष्यभर बायकांचे बाळंतपण आणि आजार पाहिले आणि 1955 मध्ये नव्वदी ओलांडून वारल्या. आनंदीबाईंना जे करायचे होते ते त्यांनी करून दाखविले. तरी शंभर घरांत विचारून पाहा: आनंदीबाई सर्वांना ठाऊक, रखमाबाई किती जणांना? मेलेली मुलगी काही मागत नाही. जगलेली बाई हक्क मागते, कामाची जागा मागते, कधी आपली चूक दाखविते. म्हणून पहिलीसाठी अश्रू आणि दुसरीसाठी विसर, हा सौदा आपल्याला स्वस्तात पडतो.

आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेत, त्यांनी जिला मावशी मानले त्या श्रीमती कार्पेंटर यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. शुक्रावरच्या एका विवराला त्यांचे नाव दिलेले आहे. आता आणखी स्मारक नको. त्यांची पत्रे मराठीत उपलब्ध आहेत. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्रही लिहून ठेवले आहे. या दिवाळीत फराळ आटोपल्यावर चार पाने मोठ्याने वाचा, आणि घरातल्या मुलींना भोवती बसवा. ऐकून एखादीने अवघड प्रश्न विचारला, तर पदर डोळ्यांना लावू नका. तिला उत्तर द्या.