विश्लेषण : पाणपक्ष्यांचे फोटो हवेत, पण घरट्यांचे का नकोत?

सोलापुरात पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी जंगल गाठावे लागत नाही. शहराच्या मध्यात सिद्धेश्वर तलाव आहे, विजापूर रस्त्यावर धर्मवीर संभाजी म्हणजेच कंबर तलाव आणि तुळजापूर रस्त्यावर हिप्परगा तलाव. या काठांवर कॅमेरे दिसणे चांगलेच. मात्र विणीच्या हंगामात घरट्यांचे फोटो काढणे थांबायला हवे. हा नियम छायाचित्रकारांनीच स्वतःला घालून घ्यायला हवा.

छायाचित्रकारांनीच का?

नान्नजचे माळढोक अभयारण्य वन विभागाच्या देखरेखीखाली आहे. शहरातल्या तलावांवर पक्ष्यांसाठी तसा पहारा नाही. पाणथळ जागांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले तलाव त्यांच्या व्याख्येतून वगळले आहेत. हिप्परगा तलाव ब्रिटिश काळात सिंचनासाठीच बांधला गेला. अशा ठिकाणी पक्षी आणि कॅमेरा यांच्यात उरतो तो फक्त फोटो काढणाऱ्याचा विवेक.

जवळ गेल्याने नेमके काय होते?

टिटवी आणि शेकाट्या हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. खडे-मातीत मिसळून जाणारा रंग हेच त्या अंड्यांचे संरक्षण. टिटवीची वीण साधारण मार्च ते ऑगस्टदरम्यान होते आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो. त्या उन्हात टिटवीला अंडी उबवण्यापेक्षा गार ठेवण्याची चिंता जास्त असते. ती अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते. माणूस जवळ आला की ती उठते आणि ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. फोटो जोरदार मिळतो, पण तोवर अंडी तापत राहतात. शिवाय या गोंधळाने कावळ्या-कुत्र्यांनाही घरट्याचा पत्ता लागू शकतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या बंदुकीपुरती नाही. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणेही तिच्यात येते. पण तलावाच्या काठावर हे कोण पाहणार, हा खरा प्रश्न आहे.

लोकेशन टाकले तर काय बिघडते?

एकाने घरट्याचे नेमके ठिकाण ग्रुपवर टाकले की पुढच्या रविवारी तिथे दहा जण पोहोचतात. पक्ष्याला मात्र तेच घरटे दहा वेळा सोडावे लागते. ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातील काही प्रजातींचे नेमके ठिकाण मुद्दाम लपवले जाते. साध्या टिटवीच्या घरट्यालाही हाच न्याय लावता येईल.

मग फोटो काढूच नयेत का?

काढावेत, भरपूर काढावेत. वारकरी, टिबुकली, खंड्या असे नेहमीचे पक्षीही तारीख आणि तलावाच्या नावासह नोंदवले, तर कुठला पक्षी कधी येतो आणि कधी यायचा थांबला, हे काही वर्षांनी पुराव्यानिशी सांगता येते. कंबर तलावात जलपर्णी माजली की तिचे फोटोही तितकेच मोलाचे. घरट्याच्या क्लोज-अपला लाइक्स मिळतात, पण असा उपयोग क्वचितच होतो.

उपाय काय?

घरट्याच्या फोटोला मिळणारी शाबासकी बंद करणे. छायाचित्र स्पर्धांनी असे फोटो स्वीकारू नयेत, ग्रुप अ‍ॅडमिननी ते काढून टाकावेत. आणि काठावर टिटवी डोक्यावर येऊन ओरडू लागली, तर पायाखाली नीट बघत आल्या वाटेने मागे फिरावे.