इंटरनेटचा ‘उत्तम मार्ग’ नेमका कोणासाठी?

बार्शी ते सोलापूर हे अंतर सुमारे ७० किलोमीटरचे. मात्र बार्शीतील व्यापाऱ्याने सोलापूरच्या कार्यालयाला पाठविलेली माहिती याच वाटेने जाईल, याची शाश्वती नाही. दोघांचे सेवापुरवठादार वेगळे असतील आणि त्यांची जाळी मुंबईतच एकमेकांना मिळत असतील, तर ती माहिती मुंबईचा फेरा घालूनच सोलापुरात पोहोचते.

इंटरनेट हे एकसंध जाळे नाही. दूरसंचार कंपन्या, विद्यापीठे, बँका यांची हजारो स्वतंत्र जाळी त्यात जोडलेली आहेत. त्यांच्यातील मार्गनिवड ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’ अर्थात बीजीपी या १९८९ पासूनच्या नियमावलीनुसार होते. अमुक पत्त्यांपर्यंत आपल्यामार्फत जाता येईल, असे प्रत्येक जाळे शेजाऱ्यांना कळविते. एकाच पत्त्यासाठी अनेक वाटा असल्यास आधी पाहिले जाते ते जाळ्याच्या चालकाने ठरविलेले प्राधान्य. सर्वसाधारणपणे पैसे देणाऱ्या ग्राहकाची वाट प्रथम, विनामूल्य देवाणघेवाण करणाऱ्याची त्यानंतर आणि ज्याला पैसे मोजावे लागतात त्याची अखेरीस. प्राधान्य सारखेच असेल, तर मधली जाळी कमी असलेली वाट निवडली जाते. किलोमीटर वा वेग या हिशेबात थेट येतच नाहीत.

देशांतर्गत माहिती परदेशातून फिरून येऊ नये, यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ अर्थात नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिने जाळ्यांना भेटण्याची जागा दिली. पण तेथे कोणी किती देवाणघेवाण करावी, हा निर्णय कंपन्यांचाच राहिला.

दुसरा प्रश्न विश्वासाचा आहे. मूळ बीजीपीमध्ये शेजाऱ्याचा दावा पडताळण्याची सोय नाही. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब रोखण्यासाठी दिलेली मार्गसूचना सीमेबाहेर पसरली. ती यूट्यूबच्या स्वतःच्या सूचनेपेक्षा अधिक नेमक्या पत्त्यांची असल्याने जगभरातील राउटरांनी तिलाच मान दिला आणि यूट्यूब सुमारे दोन तास अनेक ठिकाणी बंद पडले. १६ एप्रिल २०२१ रोजी भारतात व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून ३० हजारांहून अधिक चुकीच्या मार्गसूचना बाहेर गेल्या.

आता ‘आरपीकेआय’ या प्रमाणपत्र व्यवस्थेमुळे एखादा पत्ता जाहीर करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे तपासता येते. संपूर्ण वाट खरी आहे का, हे मात्र नाही. शिवाय ही तपासणी करणे प्रत्येक जाळ्याच्या इच्छेवर अवलंबून आहे.

यूपीआयपासून ऑनलाइन सातबाऱ्यापर्यंत दैनंदिन व्यवहार याच वाटांवर विसंबून आहेत. त्यामुळे तालुक्याच्या गावी केबल पोहोचली, एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. जाळ्यांच्या भेटीची ठिकाणे जवळ आणणे आणि मार्गसूचनांची पडताळणी सक्तीची करणे, या दोन्ही गोष्टी धोरणाचा भाग व्हायला हव्यात. अन्यथा ‘उत्तम मार्ग’ कंपनीच्या सोयीचा ठरेल आणि त्याची किंमत ग्राहक मोजत राहील.