सवलतीचें तिकीट आणि जप्तीचा न्याय

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत रेल्वेखात्यानें दिवाळीच्या गर्दीसाठीं एक योजना प्रयोगादाखल जाहीर केली. १३ ते २६ ऑक्टोबर या दिवसांत जाऊन १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या दिवसांत त्याच वर्गानें परतणाऱ्या उतारूंस परतीच्या मूळ भाड्यांत शेंकडा २० सूट मिळावयाची होती. गर्दी विभागली जावी हा हेतु चांगला. त्याविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. आमची तक्रार आहे ती तिच्यांतील एका अटीविषयीं. या योजनेखालीं घेतलेल्या तिकिटाचा परतावा मिळणार नाहीं व त्यांत कसलाही फेरफार होणार नाहीं, अशी ती अट होती.

आमच्या व्यापारी वाचकांनीं याचा हिशेबच करून पाहावा. तिसऱ्या वातानुकूलित वर्गाचें मूळ भाडें जातांना व येतांना प्रत्येकीं १,००० रुपये धरलें, तर इतर आकार सोडून उतारू १,८०० रुपये देतो. त्याचे २०० वांचतात. पुढें घरीं आजारपण निघालें, किंवा पेढीवरून तातडीचें बोलावणें आलें, म्हणजे परतीचा भाग निरुपयोगी होतो. नुसतें जाण्याचें तिकीट काढणाऱ्यास जो प्रवास १,००० रुपयांत घडला, तोच यास १,८०० रुपयांस पडला. आणि असे प्रसंग विरळा म्हणावे, तर त्या वर्षीं पाडवा २२ ऑक्टोबरास होता. पाडव्यानंतर सव्वीस दिवस गांवीं स्वस्थ बसूं शकेल असा दुकानदार किंवा चाकरमानी कितीसा सांपडणार? बेत बिघडण्याचें बीज योजनेच्या तारखांतच होतें.

ज्यानें सूट घेतली त्यानें अटही सोसावी, असें कोणी म्हणेल. वकिलीच्या धंद्यांत हा युक्तिवाद आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे व, कबूल करणें प्राप्त आहे, केलाही आहे. पण येथें सूट होती ती परतीच्या भाड्यावर. जो परतीचा प्रवास घडलाच नाहीं, त्यावरील सुटीचा लाभ उतारूस झाला कोठें? जाण्याचे त्यानें पुरे १,००० रुपये मोजलेलेच आहेत. म्हणजे न भोगलेल्या सवलतीचा दंड म्हणून ८०० रुपये जप्त होतात! १८७२ च्या कराराच्या कायद्याचें ७४ वें कलम असें सांगतें कीं, करारांत दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी त्या मर्यादेच्या आंत वाजवी भरपाई तेवढीच मिळावी. आधींच हातीं आलेली रक्कम जप्त करण्याच्या अटीसही हें कलम लागू पडतें, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६३ मध्यें फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यांत ठरविलें. रेल्वेखातें आपल्या नियमांचा आधार पुढें करील हें आम्ही जाणतों, व आठशें रुपयांसाठीं कोणीं कोर्टाची पायरी चढावी असें सुचवीतही नाहीं. न्यायाचें तत्त्व खात्यानें आपण होऊन पाळावें, एवढेंच मागणें आहे.

उरलेला भाग दुसऱ्यास द्यावा, तर तीही वाट बंद. परतीच्या तिकिटाचा अर्धा भाग दुसऱ्याच्या प्रवासासाठीं विकणें किंवा देणें हा १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ११४ व्या कलमानें गुन्हा होता. तो कायदा परक्या सरकारानें केलेला. पुढें स्वराज्यांत १९८९ चा कायदा झाला, त्याच्याही १४२ व्या कलमांत ही मनाई राहिली, आणि शिक्षा तीन महिनेपर्यंत कैद किंवा पांचशें रुपयेपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी ठरली. तिकिटांच्या दलालांस आळा बसावा म्हणून हें कलम असेल तर असो. परंतु जी वस्तु दुसऱ्यास देणें हा अपराध, ती खात्याकडे परत करावयास गेल्यास तिचें मोल शून्य, हें मात्र आम्हांस पटत नाहीं. शिवाय ज्यास कांहींच परत मिळावयाचें नाहीं तो तिकीट रद्द तरी कशाला करील? मग गाडी सुटेपर्यंत ती जागा भरलेली दिसते, आणि प्रतीक्षायादींतले लोक फलाटावर तिष्ठतात.

२०१५ च्या परताव्याच्या नियमांत, ४८ तासांपूर्वी तिकीट रद्द केल्यास या वर्गासाठीं माणशीं १८० रुपये कापण्याचें ठरलें होतें. सणासुदीस पुन्हां अशी योजना निघेल तेव्हां परतीच्या भागास हीच नेहमींची वजावट लावावी. वरील उतारूस मग ६२० रुपये परत मिळतील, व त्याची जागा दोन दिवस आधीं दुसऱ्या कोणाच्या नांवें लागेल.