देवाची जागा आणि भामचंद्राचा डोंगर

संतसाहित्य शिकवताना ‘सर्वव्यापी’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! विद्यार्थीही तो उत्तरपत्रिकेत तितक्याच सहजतेने लिहितात आणि आपण गुण देऊन मोकळे होतो. परवा मात्र चाकणच्या एका कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, देव सगळीकडे आहे ना? मग भामचंद्राच्या पायथ्याशी कारखाना आला तर बिघडले काय? देव तिथेही असेलच की!” वर्ग हसला. मला हसता आले नाही.

प्रश्नाला आमच्या परिसराचा इतिहास आहे. चाकणजवळ शिंदे-वासुली येथे होऊ घातलेल्या डाऊ केमिकल कंपनीच्या संशोधन केंद्राला २००८ साली ग्रामस्थांनी आणि वारकऱ्यांनी तीव्र विरोध केला. त्यामागे भोपाळची आठवण होती, पाण्याची चिंता होती आणि जवळच तुकोबांच्या साधनेचा भामचंद्र डोंगर होता. पुढे ते केंद्र तेथे झाले नाही. पण सर्वव्यापी देव मानणाऱ्या संप्रदायाने एका डोंगरासाठी इतका आग्रह धरावा, यात विसंगती नाही काय?

विसोबा खेचर आणि नामदेव यांची कथा या विद्यार्थ्याच्याच बाजूची वाटते. पिंडीवर पाय ठेवून निजलेला गुरू म्हणतो, देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. आणि नामदेवांना तशी जागा सापडत नाही. मग सगळ्याच जागा सारख्या!

येथे ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाकडे वळावे लागते. गीतेतला श्रीकृष्ण या अध्यायात सांगतो की सर्व भूते आपल्या आधाराने आहेत, पण आपण त्यांच्यात राहत नाही. आणि लगेच पुढच्या श्लोकात, भूतेही आपल्या ठायी नाहीत, असे म्हणतो. ऐकणारा गोंधळावा अशीच ही रचना आहे. ज्ञानदेव ती उलगडताना दुधाचे दही, बीजाचा वृक्ष, सोन्याचा अलंकार असे दाखले देतात. यातील सोन्याचा दाखला आपल्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. बांगडीत सोने कोणत्या बाजूला असते? हा प्रश्नच चुकीचा आहे. सोने बांगडीतली जागा अडवत नाही, कारण बांगडीहून वेगळी अशी दुसरी वस्तू तेथे नाही. जागेसाठी स्पर्धा दोन वस्तूंत होते. एका चौथऱ्यावर एक यंत्र बसवले की तेथे दुसरे बसत नाही. देव या अर्थाने वस्तू नाही, म्हणून तो जगाची तसूभरही जागा व्यापत नाही. ‘व्यापणे’ या क्रियापदानेच आपली फसगत केली आहे. शिवाय ज्ञानदेव तेथेही थांबत नाहीत. कल्पना बाजूला सारून पाहिले तर ‘देवात जग’ हे म्हणणेही उरत नाही, येथवर ते श्रोत्याला नेतात.

मग भामचंद्राचे काय? माझ्या मते उत्तराचा धागा महानुभावांकडे आहे. त्यांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थानांची बारकाईने नोंद आहे. स्थान वंदनीय ठरते ते संबंधामुळे. भामचंद्रावर देव इतर ठिकाणांपेक्षा अधिक होता असे नाही. तेथे एका माणसाला तो दिसला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. आपण एखाद्या देवस्थानाला ‘जागृत’ म्हणतो, तेव्हा खरे तर जागे कोणी व्हायचे असते?

डोंगराने तुकोबांना दिला तो एकांत. एकांताला मात्र जागा लागते, शांतता लागते, वाहते पाणी लागते. देवाला कोणी विस्थापित करू शकत नाही. त्याच्याकडे पाहण्याची माणसाची सोय मात्र सहज नष्ट करता येते. वारकऱ्यांचा आग्रह विसंगत वाटत नाही तो यामुळे. ते देवाची जागा राखत नव्हते, माणसाची राखत होते.

हाच युक्तिवाद आपल्यावरही उलटतो, हे विसरू नये. सार्वजनिक जागी नवी अनधिकृत प्रार्थनास्थळे उभी राहू देऊ नयेत, असा आदेश २००९ साली सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. जेथे गुंठ्याचा भाव सकाळ-संध्याकाळ बोलला जातो त्या आमच्या पट्ट्यात, पदपथावर रातोरात बांधलेला चौथरा म्हणजे देवाला भोगवटादार करणे होय. ज्याला जागा लागत नाही त्याच्या नावाने जागा अडवणे, ही भक्ती नव्हे. असा चौथरा पायी चालणाऱ्याची वाट तेवढी घेतो.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच म्हणालो, “कारखान्यातही देव आहे, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. पण रात्रपाळीत तुला तो आठवायला क्षणभर उसंत मिळते का?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “उसंत नाही मिळत, सर. म्हणून तर तासाला येतो.”